सुबी म्हणजे शुभांगी

सावेडी, नगर
९ फेब्रुवारी २०२५

चि. सम्राटास शुभाताईचे अ. आ. व जयभीम. वि. वि.

फोनवर भांडणच झालं असतं, म्हणून पत्र. कोणालाही वापरता-सुधारता येणारे जगभरातले खुले प्रोग्रॅम पुढच्या पिढ्यांसाठी जपणाऱ्या परदेशातल्या कुठल्याशा संस्थेनं तुझाही मोबाईलवरचा मराठीचा प्रोग्रॅम जपायला घेतला म्हणे. घरच्या ग्रुपवर नुसता तुझा उदो उदो चाललाय!

सरळ सांगते, माझा जळफळाट झालाय. शाळेत मराठी शिकवून शिकवून घसा माझा बसला, आणि मराठीसाठी नाव झालं कोणाचं, तर शुद्धलेखनात कायम नापास होणाऱ्या धाकट्या भावाचं. आईही शेवटपर्यंत कर्जतला तुझ्यापाशीच राहिली. आता तिचे शब्दही तुझ्याच प्रोग्रॅममध्ये. माझ्या वाट्याला काय आलं रे?

त्यातली तुझी शब्दांची यादी उघडून पाहिली. लाज वाटली. पानी काय, न्हाई काय! आमच्या शाळेत संगणक शिकवणाऱ्या मोनिका मॅडमना बसवून सगळी शुद्ध केली आणि दुरुस्ती तुझ्याकडे पाठवली आहे. ती घे, आणि माझं नाव त्यात आलंच पाहिजे. या घरात अजून एक जण होतं, हे कळू दे पुढच्या पिढ्यांना.

रागावले तरी तुझीच,
शुभाताई

कर्जत
१६ फेब्रुवारी २०२५

ती. शुभाताईस सविनय जयभीम. वि. वि.

ताईनं पाठवलंय म्हणून दुरुस्ती न वाचताच घेतली, तिथंच फसलो. शेजारच्या कडूबाईनं मोबाईलला सांगितलं की पानी न्हाई, तर मोबाईल ढिम्म. अगं, आपल्या माणसांचं बोलणं यंत्राला कळावं, त्यासाठीच तर प्रोग्रॅम हाय! यादीत एका बाजूला आपला शब्द, दुसऱ्या बाजूला तुझ्या पुस्तकातला. तू दोन्हीकडं पुस्तकातलाच केलास. म्हातारी आधी मोबाईलवर चिडली, मग माझ्यावर.

घाबरू नकोस. असल्या खुल्या प्रोग्रॅममध्ये खोडलेलंही जपतात, म्हणून जुनी यादी परत लावता आली. पण तुझी दुरुस्तीही राहिली, नावासकट. शुभांगीबाईंनी सगळं शुद्ध केलं आणि सगळं बंद पडलं, हे पुढच्या पिढ्या वाचतील. झालं समाधान?

आता माझं जळणं ऐक. तू खोडलेली पहिली ओळ कुठली, पाहिलीस? यादी सुरू करताना आईपुढं मोबाईल धरला आणि म्हटलं, काहीही बोल. तिला वाटलं, मी तुलाच फोन लावलाय. ती विचारत बसली, सुबी घरी हाय का, सुबी जेवली का. हा फोन न्हाई, हे सांगून थकलो. ऐकतेय कुठं! म्हणून पहिला शब्द सुबी, त्यापुढं शुभांगी. मी समोर बसलो होतो ताई, तरी अख्ख्या यादीत माझं नाव न्हाई.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
सम्राट

सावेडी, नगर
२१ फेब्रुवारी २०२५

चि. सम्राटास अ. आ.

तुझं पत्र शाळेत वाचलं आणि पुढचा तास मोनिका मॅडमना घ्यायला लावला. यादी शुद्ध करताना, सुबी हा शब्द कुठला, असं त्यांनी विचारलं होतं. मला चिडवायला तूच घातलास असं वाटलं, म्हणून असा शब्दच नाही, काढून टाका, असं मी सांगितलं. आई गेल्यापासून त्या नावानं मला कोणी हाक मारलेली नाही रे.

तुला ती हाक ऐकायला मिळाली, म्हणून अजून जळतेच आहे. पण ती ओळ आता तशीच राहू दे. कोणी शहाण्यानं शुद्ध करून पाठवली तर घेऊ नकोस. मी पाठवली तरी.

कडूबाईंना नमस्कार सांग.
तुझी,
सुबी