पहिला डबा माझा

मंगळवार, ४ मार्च
ग्लेनिस आज सकाळी गाडी घेऊन स्केग्नेसला गेली, बहिणीकडे. पॅमकडे. विश्रांतीसाठी. निघताना म्हणाली, क्लिफर्ड, मला जरा श्वास घेऊ दे. समुद्राची हवा चांगली असते हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं, तेव्हा कल्पना मुळात माझीच. सोबत दोन मोठ्या बॅगा, हिवाळी कोट, उन्हाळी सँडल आणि तिच्या आईचा टीपॉट. चार-पाच दिवसांसाठी एवढं सामान! पॅकिंग तिला कधी जमलंच नाही.

दमली असेल. रिटायर झाल्यापासून मी घरकामात तिला मदत करतो. म्हणजे ती भांडी घासते आणि मी मागे उभा राहून पद्धत सांगतो. इतकी वर्षं सांगणारं कोणी नव्हतं, एकदम सुधारणा झाली की ताण येणारच.

दुपारी. रस्त्याचं काम चालू असलं की लावतात ना, तसला एक लाल-पांढरा शंकू आमच्या गॅरेजमध्ये पडून होता. तो घरासमोर तिच्या गाडीच्या जागेवर नेऊन ठेवला. शेजारच्या क्रेगचा त्या जागेवर डोळा आहे. प्लंबर आहे. व्हॅन एवढी अगडबंब की आमचं स्वयंपाकघर तिच्यात मावेल. रविवारी ग्लेनिस येईल तेव्हा तिला जागा मोकळी हवी.

संकल्प: ती येईपर्यंत घर आरशासारखं ठेवायचं.

बुधवार, ५ मार्च. संध्याकाळी
आज डबे. दर बुधवारी संध्याकाळी कचऱ्याचा डबा फुटपाथवर न्यायचा, गुरुवारी सकाळी गाडी येते. एका आठवड्यात साध्या कचऱ्याचा काळा, पुढच्या आठवड्यात कागद-प्लास्टिकचा निळा, आणि बागेचा तपकिरी मधूनच उगवतो. कौन्सिलने छापलेलं वेळापत्रक आमच्या गल्लीत, हॉथॉर्न क्लोजमध्ये, कोणी जपून ठेवलेलं नाही. पहिला डबा कोणता बाहेर पडतो ते पडद्याआडून बघायचं आणि तोच रंग काढायचा, ही आमची रीत. आणि पहिला डबा माझा! सगळी गल्ली माझ्या एका डब्यावर चालते. कोणी कधी बोलून दाखवत नाही. आपल्या लोकांत बोलून दाखवायची पद्धत नाही.

बुधवारी चहाच्या वेळी ग्लेनिस 'आज निळा' असं काहीतरी पुटपुटायची. मी लक्ष देत नसे. योगायोगाने तिचं पुटपुटणं आणि माझा निर्णय नेमका जुळायचा.

आजचा निर्णय: निळा.

गुरुवार, ६ मार्च
सगळ्यांचे काळे. माझा आणि क्रेगचा तेवढा निळा. क्रेग काल उशिरा, दमून घरी आला आणि माझा डबा बघून मोकळा झाला. गाडी काळे घेऊन गेली. क्रेग सकाळी सकाळी दारात हजर! म्हणाला, अहो साहेब, तुमच्या भरवशावर राहिलो आणि आता बाळाचे घाण लंगोट पंधरा दिवस उशाशी घेऊन झोपू का? मी शांतपणे सांगितलं, चूक कौन्सिलची आहे. तर म्हणतो, मग बाकीची गल्ली बरी शहाणी निघाली! उद्धटपणा. याच्या वडिलांशीही एका उसन्या शिडीवरून माझा वाद झाला होता, तोही त्यांनी असाच संपू दिला नव्हता.

समोरच्या डोरीन टफनेलने काल माझ्याआधीच डबा काढला होता म्हणे. ऐंशी उलटली आहे तिची. या वयात घाई सुचते.

रविवार, ९ मार्च
ग्लेनिस आली नाही. रस्त्यात गर्दी असणार.

संध्याकाळी फोन केला. पॅमने उचलला. ग्लेनिस फिरायला गेली आहे म्हणाली. मागून ग्लेनिसच्या हसण्याचा आवाज आला. टीव्ही असेल. ग्लेनिस असं हसत नाही.

जेवण: टोस्टवर डब्यातले बीन्स. ओव्हन लावता येतो मला. एकट्यासाठी वीज कशाला जाळायची?

बुधवार, १९ मार्च
आज लवकर बाहेर पडलो, तरी डोरीनचा काळा आधीच उभा. मुद्दाम तपकिरी काढला. गल्लीला जरा धक्का द्यायला हवा होता. कोणी हललं नाही. क्रेगने माझ्या डब्याकडे बघितलं, मग डोरीनच्या डब्याकडे बघितलं, आणि शीळ घालत काळा घेऊन आला. डोरीनला जाऊन समजावलं की ती चुकते आहे. म्हणाली, अरे बाबा, तुझं तू बघ.

इतकी वर्षं या लोकांना रोज 'मॉर्निंग' म्हणतो. त्यांच्या कुंपणाची उंची, त्यांच्या कुत्र्याचं भुंकणं, त्यांच्या पोरांचे चेंडू, सगळ्यावर मी नजर ठेवली. ही परतफेड! कृतघ्न मेले.

एक मात्र बरं आहे. ग्लेनिस कुठे गेली असं अजून कोणी विचारलेलं नाही. म्हणजे कोणाला पत्ताच लागलेला नाही.

रविवार, ३० मार्च
शंकू माझ्या लॉनवर आणि त्याच्या जागी क्रेगची व्हॅन! तावातावाने गेलो. तो म्हणाला, साहेब, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे? महिना होत आला, कधी येणार आहे ती गाडी? मी ठणकावून सांगितलं, पुढच्या रविवारी. तो माझ्याकडे बघत राहिला. मग चावी घेतली, व्हॅन पार कोपऱ्यावर नेऊन लावली आणि शंकू स्वतःच्या हाताने परत ठेवला. अजून आवाजात जरब आहे माझ्या.

दुपारी डोरीन मटण-बटाट्याचं सारण भरून भाजलेला 'पाय' घेऊन आली. चूक कबूल करायची ही तिची रीत असावी. मी मोठ्या मनाने घेतला. दारातून माझ्या खांद्यावरून आत डोकावली आणि म्हणाली, अगं बाई!

संकल्प: भांडी घासणे.

रविवार, ६ एप्रिल
नाही आली.

डोरीनने आणलेला तो 'पाय' छान होता. मीठ किंचित कमी. पुढच्या वेळी सांगेन.

बुधवार, २३ एप्रिल
अखेर पहिला मीच! दुपारीच निळा बाहेर. संध्याकाळ झाली तरी गल्लीत दुसरा डबा नाही. एकाचाही नाही. म्हणजे शिस्त साफ बुडाली. घरोघरी जाऊन बेल वाजवली आणि सांगितलं, अहो, आज बुधवार आहे. लोक हो हो म्हणाले आणि दारं लावून घेतली. क्रेग म्हणाला, साहेब, घरी जा, चहा प्या.

डोरीनने आत बोलावलं. बसवलं. म्हणाली, अरे क्लिफर्ड, ईस्टरच्या सोमवारची सुट्टी झाली ना, या आठवड्यात गाडी एक दिवस उशिरा. ग्लेनिसने सांगितलं.

कोणत्या ग्लेनिसने, मी विचारलं.

म्हणाली, दर बुधवारी फोन करते ती, चहाच्या वेळेला. आम्ही गप्पा मारतो आणि ठेवता ठेवता ती रंग सांगते. मी डबा काढते, बाकीचे माझा बघून काढतात. पूर्वी तुझ्या दारात बघायचे, कारण त्या दारामागे ती होती.

मग मला का नाही सांगत, म्हटलं. मी नवरा आहे तिचा.

डोरीन म्हणाली, जन्मभर तुलाच तर सांगत होती. तू ऐकलंस कधी?

माझ्याबद्दल काही विचारते का, असं विचारलं. सहज. डोरीनने बराच वेळ चहा ढवळला. मग म्हणाली, गुलाबांची छाटणी झाली का, असं विचारत होती. आणि क्लिफर्ड, तिने तिकडे फ्लॅट घेतला आहे भाड्याने. वरचा मजला. तिथे डब्यांची कटकट नाही म्हणे, खाली सगळ्यांचा मिळून एकच मोठा असतो.

घरी येताना निळा डबा आत ओढला. पडदे सगळीकडे हलत होते. म्हणजे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. सगळ्यांना!

गुलाबांची छाटणी केलेली नाही.

शनिवार, २६ एप्रिल
सकाळी क्रेगला म्हटलं, व्हॅन लाव तिथे. तो म्हणाला, नक्की का? राहू दे, मी कोपऱ्यावर लावतो, मला काही त्रास नाही. लाव म्हटलं ना, असं ओरडलो. बिचाऱ्याने लावली. आता पुढच्या खिडकीतून फक्त व्हॅन दिसते.

शंकू आत आणला. दिवसभर पॅसेजमध्ये उभा आहे, येता-जाता पायात येतो. टाकून द्यायला हवा. वरचा भाग प्लास्टिकचा, म्हणजे निळा. पण बूड रबराचं आहे, म्हणजे काळा असावा.

डोरीनकडे जाऊन आलो. बुधवारी फोन आला की तेवढं विचार, शंकू कोणत्या डब्यात जातो. माझं नाव घेऊ नकोस म्हणालो.

डोरीन म्हणाली, नाही घेत रे. पण तिला कळेलच.