भातासाठी उठवलेली मुलगी

आप्पा, माझ्यापुढे तीन पुस्तकं पडली आहेत आणि त्यातलं एक उद्या उपासना झाली की पाळकसाहेबांच्या हातात द्यायचंय. रविवारच्या शब्बाथ शाळेतल्या बारक्या पोरांसाठी चित्रांचं पवित्र शास्त्र घ्यायचं ठरलंय. पाळकसाहेबांनी पुण्याहून तिन्ही बघायला म्हणून आणली आणि माझ्या गळ्यात घालून मोकळे झाले. "बाई, लहान मुलांचं तुम्हालाच कळतं," म्हणाले. शिशुवर्गात जन्म गेलेल्या बाईला सगळे असंच म्हणतात. आठवडा होत आला, पुस्तकं टेबलावरून हललेली नाहीत. शाळेतून यायचं, पाय पसरून बसायचं, पानं उलटायची आणि परत मिटून ठेवायचं. कंटाळा आलाय, आप्पा. पुस्तकांचा नाही, सगळ्याचाच. ह्या लढाईपायी रॉकेल मिळेना, तांदूळ रांगेत उभं राहून आणायचा, आणि त्यात हे. असलं कुणाजवळ बोलायची सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, ते एका परीनं बरंच आहे.

तसं बघितलं तर निवडायला काय एवढं मोठं? पहिलं विलायती, रंगीत, हातातून ठेवावंसं वाटू नये असं. पण त्यातला प्रभू पिवळ्या केसांचा आणि लालबुंद गालांचा. वर्गात ते पान दाखवलं तर पुढच्या रांगेतून एकजण ओरडला, "बाई, ह्यो तर लोकोचा फोरमन!" आणि रेल्वेच्या चाळीतली झाडून सगळी पोरं उठून ताठ उभी राहिली. गोरे फोरमनसाहेब चाळीवरून गेले की तशीच उभी राहतात. मला हसू आवरेना, आणि रागही आला, कुणाचा ते कळलं नाही. दुसरं पुस्तक जाडजूड, चित्रं मागच्या पोरांनाही दिसतील एवढी मोठी, पण त्यात अब्राहामाच्या हातातला, पोटच्या पोरावर उगारलेला सुरा असा लखलखीत काढलाय की आंदर मावळातून आलेली एक पोर ते पान येण्याआधीच डोळ्यांवर हात घेते. तिसरं मराठीतलं. नुसत्या काळ्या रेघांचं, कागद खरबरीत. पाळकसाहेबांना पहिलं आवडलंय. बोलले नाहीत, पण बसल्या बसल्या तेच चाळत होते. एरवी मीही मान डोलावली असती आणि सुटले असते.

अडलंय ते धाकटीच्या पोरीपायी. तुम्हाला कसं सांगू, आपली धाकटी गेली. गेल्या पावसाळ्यात, तापानं. तिचा नवरा फौजेत, कुठल्या मुलखात आहे तेही धड कळत नाही. पाच वर्षांची पोर माझ्याकडे आली, एक ट्रंक आणि आईची दुलई घेऊन. रडत नाही, हट्ट करत नाही. जेवायला बसली की चार शितं चिवडते आणि ताट सरकवते. मी समजावते, रागावते, शेवटी ताट उचलून ठेवते. पुस्तकं घरात आली तेव्हा पहिल्यांदा तिनंच उघडली, आणि सभास्थानाच्या अधिकाऱ्याच्या मुलीच्या पानावर थांबली. ते चित्र तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याही पुस्तकात होतं. पोरीनं गोष्ट शब्बाथ शाळेत ऐकलेली. मुलगी मेली होती, प्रभू आला, हात धरून ऊठ म्हणाला, ती उठली. मला म्हणाली, "मावशी, मग माझ्या आईला का नाही उठवलं?" चहात साखर का नाही घातली, असं विचारावं तितक्या साध्या आवाजात. "झोप आता," म्हटलं, भर दुपारी.

पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, मोठी झाली की समजेल. मी तर म्हातारी व्हायला आले, मला कुठं समजलंय? मग मनात आलं, ज्या पुस्तकात ते चित्रच नाही ते घ्यावं. पण तिन्हींत आहे. त्या पानांना खळ लावून चिकटवून टाकावीत इथपर्यंत माझी मजल गेली. खळ करायला घेतलीही, आणि पीठ कशाला वाया घालवायचं म्हणून तिची धिरडी केली.

आपलं पुस्तक आठवतं का तुम्हाला? खंडाळ्याच्या बंगल्यातली एक मड्डम कायमची विलायतेला निघाली, तिच्या पेट्या गाडीत चढवायला तुम्ही हात लावलात आणि तिनं ते तुमच्या हातात ठेवलं. सगळं इंग्रजी. घरात कुणाला त्यातलं अक्षर लागत नव्हतं, तुम्हाला तर मराठीही नाही. तुम्ही म्हणायचात, "चित्रं हायेत की. आनि काय पायजे?" घाटात रेल्वेच्या सांधेवाल्याची ड्यूटी करून तुम्ही दिवेलागणीला येता, कपड्यांना कोळशाचा वास, हात धुता आणि पुस्तक मांडीवर घेता. तुमचा योना माशाच्या पोटात जायचा तो बोगद्यात गेल्यागत, "ह्या तोंडानं आत, त्या तोंडानं भायेर." मोशे समुद्र हटवायचा तो तुमच्या लेखी इंद्रायणीचा पूर. आणि ती मुलगी तुमच्या मते झोपलेली होती. बाप ड्यूटीवरून आलाय, पोर उपाशीच निजलीय, म्हणून तो हात धरून उठवतोय. "ऊठ बाय, भात खा, मंग नीज." मागं पदर डोळ्यांना लावलेल्या बायका होत्या, त्यांना ओल्या लाकडांचा धूर लागला होता. दारात पावे घेतलेली माणसं होती, ती शेजारच्या लग्नाची वाजंत्री. सगळं कसं चोख बसवलं होतंत! तुम्हाला यायला उशीर झाला आणि मी निजलेली असले, की मलाही तुम्ही ह्याच शब्दांनी उठवायचात.

मग मी मिशनच्या शाळेत जाऊ लागले. बाईंनी ती गोष्ट विचारली आणि मी उठून तुमची सांगितली, धुरासकट, वाजंत्रीसकट. वर्ग पोट धरधरून हसला. बाई हसल्या नाहीत. "शास्त्रात पदरचं घालू नये. मुलगी मेली होती," एवढंच म्हणाल्या. मी घरापर्यंत रडत आले. तुम्ही चुलीपुढे पाटावर बसला होता. मी तुमच्यावरच ओरडले, "ती मेली होती! तुम्हाला काही म्हणजे काही ठाऊक नाही!" आई म्हणाली, "बापाशी आसं बोलत्यात व्हय गं?" तुम्ही पुस्तक मागितलंत आणि ते पान चिमणीजवळ धरलंत.

"मेलीया? कोन म्हनतं? आगं, हात बग तिचा. मेल्या मानसाचा हात आसा आसतो व्हय?"

"बाईंनी वाचून दाखवलं."

"बरं. मंग उटल्याव काय झालं?"

मला सांगावंच लागलं, की हिला काहीतरी खायला द्या, असं तो शेवटी घरच्यांना म्हणाला. तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "मंग मी काय येगळं सांगतोय!" आणि इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. "वाढ गं हिला," आईला म्हणालात. मी फुगून बसले, पण जेवले. ते पुस्तक पुढं गळक्या छपरापायी भिजून गेलं, तुम्हीही गेलात, आणि मी जन्मभर पोरांना ती गोष्ट शास्त्रात आहे तशी सांगत आले.

आज शनिवार, सकाळची शाळा. घरी आले ती अंगातलं सगळं संपल्यासारखी. भात तेवढा टाकला, तो झाला, पण ताट घ्यायचं जिवावर आलं. पोर तिसरं पुस्तक घेऊन माझ्याजवळ आली, तेच पान उघडून. "सांग," म्हणाली. आणि आप्पा, मी तुमची सांगितली. बाप आला, पोर उपाशी, बायकांना धूर, दारात वाजंत्री. पाठीमागून मिशनच्या शाळेतल्या बाई बघताहेत असं सारखं वाटत होतं, तरी सांगितली.

"म्हणजे ही मेली नव्हती?"

"नाही गं. झोपली होती."

तिनं चित्रावर तोंड खाली नेलं. कितीतरी वेळ बघत होती. मग म्हणाली, "आईचा हात गार होता. मी धरला होता." हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "हिचा गार नाही. हिनं त्याचं बोट धरलंय, बघ." मी चष्मा लावून बघितलं. खरंच, त्या काळ्या रेघांत मुलीची बोटं त्याच्या बोटाभोवती मिटलेली आहेत. बाकीच्या दोन पुस्तकांत हात नुसताच लोंबतोय. पोर म्हणाली, "मग आई झोपली नव्हती. मग आईला उठवायचं कुणी विसरलं नाही." मी म्हटलं, "नाही गं माझ्या बाई. कुणी विसरलं नाही." आणि तिला रडू फुटलं. पावसाळ्यापासून पहिल्यांदा. आईच्या दुलईत तोंड खुपसून, मोठ्यानं, शेजारीण दारात येऊन उभी राहिली इतकं. मी उगी म्हटलं नाही. पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

मी खोटं बोलले का? बोलले असेन. जाब द्यायची वेळ आली तर देईन, आज माझ्यात त्राण नाही. पोर शांत झाली तशी मी चटईवर आडवी झाले. थोड्या वेळानं कुणीतरी माझं बोट ओढायला लागलं. "मावशी, ऊठ. भात खा, मग नीज." तिनं आपल्या हातानं वाढलं होतं. अर्धा भात जमिनीवर, ताटात मीठ मूठभर, आमटीचा पत्ताच नाही. आम्ही दोघी एकाच ताटात जेवलो. तिनं ताट सरकवलं नाही.

उद्या तिसरं पुस्तक देणार आहे. पाळकसाहेबांनी का म्हणून विचारलं तर सांगेन, कागद खरबरीत आहे पण दणकट आहे, पोरांच्या हातात टिकेल. तेही खरंच आहे. शब्बाथ शाळेत ती गोष्ट जशी आहे तशीच सांगतील, आणि पोर एक दिवस घरी येऊन माझ्यावर ओरडेल की तुला काही ठाऊक नाही. ओरडू दे. तोवर तिच्या पोटात चार घास जातील.

हे कागद टपालाच्या पेटीत टाकायचे तर पत्ता कुठला घालू? तिसऱ्या पुस्तकातही ठेवता येत नाहीत, ते उद्या जाईल. एक मात्र सांगते आणि दिवा बारीक करते. आज तिनं बोट ओढलं तेव्हा मी झोपले नव्हते. अजून एकदा हाक मारावी म्हणून डोळे मिटून पडले होते. आणि तेव्हाही, आप्पा, मी कधीच झोपलेली नसायचे. तुमचे बूट पडवीत वाजले, की मी डोळे मिटायचे.