दोन वेगांचं यंत्र

माय,
अकोल्याहून नत्थूचा तुया पायाले दंडवत. मी खुशाल आहे. तुये गुडघे कसे आहेत?

इथलं कापसाचं यंत्र एकाच वेगानं चाले, अन् दवानं भिजलेल्या कापसातली सरकी फुटे. घरी सरकी काढाचा रेचा फिरवताना ओला कापूस आला की तुया हात आपसूक मंद होये, ते मले आठवलं. म्हणून दातेरी चाकांच्या दोन जोड्या घडवल्या, एक मंद, एक जलद. दांडा सरकवला की जोडी बदलते. पण आधी यंत्र थांबवा लागते, हे मले जरा उशिरा समजलं.

पत्र कारकून मोरोपंत लिहून राहिले. तुले वाचता येत नाही म्हणून दरवेळी खाली माया खुणेचं चाक काढतो, तसं काढलं आहे. यावेळी डाव्या हातानं काढलं, वाकडं दिसन. दात मोजून पाह्य, सगळे आहेत.

तुया लेक,
नत्थू