डेस्मंडच्या केसांचा त्याग

३ मार्च
धाकट्या बहिणीला, हेझलला, रक्ताचा कॅन्सर. सोमवारपासून केमो. केस जाणार म्हणून रडली. मलाही रडू आलं. नाक पुसून तिथल्या तिथे शब्द दिला: तुझ्याआधी मी डोकं भादरून घेतो, तेही भर पबमध्ये. ब्लड कॅन्सरच्या संस्थेला देणग्याही मिळतील. माझ्यासारख्या दाट केसांच्या माणसाला हे सोपं नाही. पण शब्द म्हणजे शब्द.

४ मार्च
पबच्या काउंटरवर देणगीचा कागद ठेवला. 'डेस्मंड आपले केस देणार!' लोक वाचून बराच वेळ हसत होते. गावात उत्साह आहे. मिक न्हाव्याने विचारलं, किती वेळ काढून ठेवू? म्हटलं, तासभर तरी. तो खोकत आत गेला.

११ मार्च, शनिवार
आज करणार होतो. सर्दी. या थंडीत डोकं उघडं टाकणं बेजबाबदारपणाचं. पुढच्या शनिवारी नक्की.

१८ मार्च
सुसाट वारा. डावीकडचे केस उजवीकडे नेऊन बसवायलाच वीस मिनिटं गेली. इतकी मेहनत अशी मातीत घालायची? बायको ब्रेंडा म्हणाली, मिक कशाला, मी फुंकर मारते. तिला माझा त्याग बघवत नाही. ईस्टरनंतर बघू.

२६ मार्च
हेझलचा फोन. सकाळी सगळे केस उशीवर निघाले. म्हणाली, तू नुसता भेटायला ये, बाकी काही नको. फोन ठेवून जिन्यावर बसून राहिलो. स्वतःची लाज वाटली.

२८ मार्च, दुपारी १
शनिवारची वाट न बघता उरकलं. मिक 'झालं' म्हणाला तेव्हा चहा अजून गरम होता. हल्ली मशिनं फार वेगवान निघालीत. टाळ्या पडल्या. कागद पाठपोट भरलाय.

संध्याकाळी ५
हॉस्पिटलमध्ये हेझलच्या खाटेशी उभं राहून टोपी काढली. तिने निरखून पाहिलं. मग माझा हात धरून म्हणाली, "डेस, राहू दे रे. नको काढूस. तुला किती जड जातंय ते दिसतंय मला."

"काढलेत," मी म्हटलं.

ती हसत सुटली. डोळ्यांतून पाणी आलं, नर्स धावत आली, तरी थांबेना. महिन्याभरात पहिल्यांदा हसली. बरं वाटलं. औषधांनी नजर अधू झालेली दिसते; डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.

टोपी तिलाच दिली. बसस्टॉपपर्यंत डोक्याला गार वारा लागत होता. नेहमीइतकाच.