जास्तीची वीत

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या फक्त कागदावर). तुझी तब्येत बरी असणारच. नर्सला आजारी पडायला रजा मिळत नाही, असं तूच सांगतेस. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

मी खोकी आखतो हे तुला माहीत आहेच. लोक पूल आखतात, बंगले आखतात. मी मात्र गुंडाळलेल्या वस्तूला बाहेर यायला फट कुठे ठेवावी, या एकाच विचारात केस पिकवले. आधी चिकटपट्टी, मग सुतळी आणि शेवटी जखमेवर बांधायची पट्टी. गुंडाळीची जात मोठी लबाड. टोक जरा सुटलं की आत जाऊन बसतं, मग शोधा नखानं. मी खोक्याच्या तोंडाशी पुठ्ठ्याची जीभ बसवून ते टोक जागच्या जागी धरून ठेवलं. साहेब खूश झाले. पण म्हणाले, पट्टी लवकर संपली पाहिजे. मग मी कापायचे दाते तोंडापासून उचलून झाकणाच्या पार पलीकडच्या कडेला नेले. आता जखम नखाएवढी असली तरी पट्टी आख्ख्या झाकणावरून ओढल्याशिवाय तुटत नाही, म्हणजे दर खेपेला वीतभर जास्तच निघते. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. (मीही वाजवल्या. सांगायला लाज वाटते.)

पहिलं खोकं घरी आणलं, ते बाबांनी बाहेरच्या खोलीत घड्याळाशेजारी मांडलं. येईल त्याला प्रात्यक्षिक. पोस्टमनच्या धडधाकट बोटाला पट्टी बांधून पाठवलं. शेजारच्या काकूंनी तर असा हिसका दिला की गुंडाळी खोक्यातून उसळून दाराबाहेर आणि जिन्यावरून थेट खालच्या मजल्यावर. मी ती गोळा करून टाकून द्यायला वाकलो, तेवढ्यात चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस वरून असा ओरडला की मी दचकलो आणि माझी कंबर गेली ती अजून आली नाही. बाबांनी पायरी-पायरीवरून पट्टी उचलली, झटकली आणि पुन्हा गुंडाळून ठेवली.

पुढे त्यांना नवी चप्पल चावली. शुगरचा माणूस, पण फोनवर तुला काय सांगायचे, तर किरकोळ खरचटलंय. मलमपट्टी स्वतःच करायचे, दार लावून. (मलाही बघू दिलं नाही, आणि खरं सांगू, मीही फारसा आग्रह धरला नाही.) पट्टी मुलाच्याच खोक्यातली. हवी तेवढी घ्यायची. पण उरलेल्या वितीचं काय? ज्यानं जन्मात चिंधी टाकली नाही, तो ती टाकेल होय? परवा पायाला वास येऊ लागला तेव्हा मी खोली धुंडाळली, तर बटणांचा डबा पट्टीच्या तुकड्यांनी काठोकाठ भरलेला. वरचे तुकडे कोरे, खालचे वापरून, धुऊन परत ठेवलेले. सगळ्यांना कडक इस्त्री. मी विचारलं, तर म्हणाले, "अरे, इस्त्री फिरवल्यावर जंतू राहतात होय? आणि तुझं खोकं फार देतं बघ. मन मोठं आहे त्याचं."

ताई, मला हसू आलं, आणि ते तोंडावर असतानाच मी डब्याचं झाकण लावलं. तसाच रिक्षा करून त्यांना हॉस्पिटलात नेलं.

थोरल्यांना नमस्कार, पोरांना पापा. इथेच थांबतो.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य गोष्ट लिहायची राहिली. शुक्रवारी बाबांचा डावा पाय गुडघ्याखाली कापणार आहेत. सही मी केली. ते तुला घाबरतात, म्हणून तुला कळवू नको म्हणाले. तू ये. मला एकट्याला हे जमणार नाही.

पुन्हा ता. क. डॉक्टरांना मी सगळं सांगितलंय. बाबांना मात्र एवढंच माहीत आहे की शुगरनं घात केला. ते तसंच राहू दे. त्या तुकड्यांवरून त्यांना एक शब्द बोलू नकोस. रागवायचं तर मला रागाव. दाते मी हलवले.

आणखी एक. ऑपरेशननंतर पट्टी माझ्याच खोक्यातली वापरायची, असं बाबांनी डॉक्टरांकडून कबूल करून घेतलंय. (डॉक्टर नुसते मान हलवून गेले.) तेव्हा येताना तुमच्याकडची बंद पाकिटातली पट्टी आण, मी ती गुपचूप माझ्या खोक्यात ठेवीन. खोकं उशाशीच आहे. आज त्यावर हात ठेवून मला म्हणाले, "आता जखम मोठी होईल रे. आता तुझं काही वाया जायचं नाही."