तुमच्या पाठीमागे बसून

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की अजून मांडी घालून ताठ बसते. मंगळवार पेठेतल्या तुमच्या माडीवर मी पहिल्यांदा आले तेव्हा दहावीत होते. वडील शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला, घरात व्हायोलिन कुणी हातात धरलेलं नव्हतं. मी कसाबसा सा लावला आणि तुम्ही जिन्यातून खाली स्वयंपाकघरात ओरडलात, ‘अगं ए, ऐकलीस काय? पोरगी लाकूड कापाय आलीया!’ काकू चहा घेऊन वर आल्या आणि उलट तुमच्यावरच डाफरल्या, ‘शिकाय आलीया न्हवं? मग शिकवा की!’ नऊ वर्षं शिकवलंत.

मग तुमच्या डाव्या हाताचं मधलं बोट बधिर व्हायला लागलं. हे तुम्ही, काकू आणि मी, आपल्या तिघांनाच ठाऊक. म्हणून तर पुढच्या कार्यक्रमाला तुम्ही मला साथीला मागे बसवलंत. ‘मी अडलो तरच वाजीव, न्हायतर गप बसायचं,’ असं बजावलंत. यमन रंगला होता. तुम्ही वर चढत चढत निषादावर येऊन थांबता. तिथे थांबलं की ऐकणाऱ्याचा जीव वरच्या षड्जासाठी कासावीस होतो. सगळं सभागृह वाट पाहतंय. आणि तो षड्ज मी लावते. केवढ्या टाळ्या पडल्या! तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत.

मंचावरून खाली उतरल्यावर तबलजींनी विचारलं, ‘काय झालं गं?’ मी म्हणाले, ‘मास्तरांचं बोट अडकलं.’ तुम्ही शेजारीच बसून व्हायोलिनचा गज सैल करत होतात. ऐकलंत, आणि गज पेटीत ठेवून झाकण लावलंत. हां हां म्हणता ते पेठभर झालं. तुम्हाला बोलावणी यायची थांबली, मला यायला लागली. मी माडीवर येणं कमी केलं, मग बंदच. तुम्ही गेल्याचं दुसऱ्याकडून कळलं.

आता गारगोटीत शिकवते. मुलं परीक्षेपुरती येतात, पाचला घरी जातात. त्यांच्यामागे सतरंज्या मी एकटीच झटकते. संध्याकाळी वाजवायला बसले की ऐकायला कुणी नसतं, आणि चुकलं तर ओरडायलाही कुणी नसतं. हे दुसरं जास्त खुपतं.

मागच्या आठवड्यात हे लिहिलेले कागद घेऊन काकूंकडे गेले होते. त्यांनी मला पाहिलं आणि शेजारणीला हाक मारली, ‘ही बघा आली! त्या दिशी हिनंच आमच्या मालकांची लाज राखली.’ मी चहा प्याले. कागद पिशवीतून बाहेर काढलेच नाहीत.

मास्तर, मागे बसून मला तुमचा हात स्पष्ट दिसत होता. बोट अडकलं नव्हतं.