नव्या लायनरची पुडी

प्रिय माहत्ते,

बाबा धडधाकट आहेत, हे आधीच सांगते. तिकडे ऑस्लोत जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

गेल्या आठवड्यात रेनडिअर कुंपणात आणायचे होते. बाबा आपल्या जुन्या चार चाकांच्या मोटारसायकलवर पुढे, मी दुसऱ्या गाडीवर मागे. दलदल ओलांडली आणि ओढ्याकडच्या उतारावर त्यांची गाडी थांबेचना. मी ओरडले, "बाबा, उडी मारा!" त्यांनी हँडल वळवून गाडी सरळ झुडपात घातली. मी धावत पोचले, तर कपाळाचं रक्त पुसत म्हणतात कसे, "बघतेस काय? आधी कळप अडव. मी कुठं पळून जात नाही!"

घरी आल्यावर शेडमध्ये मी मागचं चाक काढून ब्रेकचा ड्रम उघडला. वाटलं, दलदलीचा चिखल शिरला असेल. आत तर सगळं लख्ख. चेनचा ताण बरोबर, ग्रीस ताजं. फक्त ब्रेक धरणारे लायनर जुनेच, पार पत्र्यापर्यंत झिजलेले. नव्यांची पुडी फळीवर फोडून ठेवलेली. बाबांनी सगळं खोललं, पुसलं आणि काढलेलेच लायनर परत बसवले. मला म्हणाले होते, "नवे घातलेत." ते खोटं नव्हतं रे, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

ते दारात येऊन उभे राहिले होते. आता चिडतील, असं मला वाटलं. पण पुडीकडे बघत हळूच म्हणाले, "हल्ली असं होतं गं. परवा कुत्र्याला दोनदा खायला घातलं. तो बेटा खूश झाला, म्हणून कुणाला कळलं नाही." मग गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "मी आता चालवणार नाही. पण लायनर एकटी बसवू नकोस. स्प्रिंग उडून डोळ्यात जाईल, येडे."

पक्कड हातात आली आणि त्यांची बोटं कुठंच अडखळली नाहीत. चाक फिरवून, कान लावून, कुठं घासतंय ते मला ऐकवलं. गाडी आता उतारावर जागच्या जागी थांबते. मी गाडी घेऊन उतार उतरले तेव्हा ते खाली उभे राहून बघत होते.

हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी, की फोनवर तू पहिला प्रश्न तोच विचारतोस, "बाबा, आज गाडी कुठवर नेली?" तो आता विचारू नकोस. ब्रेक कसा बसवायचा, ते विचार. ते सांगतील. मधेच थांबून पुन्हा पहिल्यापासून सांगतील. तू ऐकून घे.

तुझीच ताई,
रिस्टेन